कोंड्यातल्या कोळ्यांवर पोसलेले मित्रकोळी

बडोद्याजवळच्या पादऱ्यापाशी माझ्या मामांचं नेटहाउस, म्हणजे जाळीने झाकलेलं शेत आहे. सिमला मिरची हे मुख्य पीक, एका बाजूला काकडी. मिरचीवर दोन दुखणी कायमची, फुलकिडे आणि पिवळा कोळी. कोळी म्हणजे इथे घरात जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा, आठ पायांचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव. पान वरच्या अंगाला वळलं की फुलकिडे, खालच्या अंगाला वळलं की कोळी, ही ओळख मामांनी मला फार आधी करून दिली होती. तिकडचे शेतकरी कोळ्याला पानकथीरी म्हणतात आणि पानं आकसण्याच्या एकूण प्रकाराला कोकडवा. मामा फवारण्या करत आले, फवारण्या वाढत गेल्या, आणि मग तिसराही आला, दोन ठिपक्यांचा लाल कोळी. याचं कारण मी पुस्तकात वाचलेलं होतं, ते तिथे डोळ्यांनी पाहिलं. पायरेथ्रॉइड गटातली औषधं किडीच्या शत्रूंना आधी संपवतात आणि त्यांचा अंश पानावर कित्येक आठवडे टिकतो. लाल कोळी मात्र औषधांना सरावतो. नव्वदहून अधिक रासायनिक घटकांना त्याने दाद दिली नाही, अशा नोंदी जगभरात आहेत.

मी बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकले, त्यामुळे दुसरा मार्ग मला ठाऊक होता. फायटोसिइडी कुळातले परभक्षी, म्हणजे कीड खाऊन जगणारे कोळी, आपल्या बोलण्यातले मित्रकोळी, हॉलंडमधल्या काचघरांत हेच काम कित्येक दशकं करताहेत. पण ते आणायचे कुठून? परदेशी जातीचा जिवंत कोळी मागवायचा तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरखाली परवाना लागतो. तो लागायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या मुलखातला परभक्षी इथे एकदा सोडला की परत बोलावता येत नाही. शिवाय बाटलीतला जिवंत माल एप्रिलच्या उन्हात ट्रकमधून फिरला तर त्यातलं बरंचसं वाटेतच मरतं. म्हणून इथलाच कोळी शोधायचा आणि इथेच वाढवायचा, असं ठरवलं.

आपल्याकडे लाल कोळ्याच्या मागे हमखास सापडणारा मित्रकोळी म्हणजे नियोसियुलस लाँजिस्पायनोसस. वांग्याचं किंवा भेंडीचं जाळी धरलेलं पान उलटं करून भिंग लावलं आणि थोडा वेळ थांबलं, तर तो धावताना दिसतो. त्याला वाढवण्याची रुळलेली रीत तीन पायऱ्यांची. आधी घेवड्याची रोपं वाढवायची, ती दोन पानांवर आली की त्यांच्यावर लाल कोळी सोडायचा, आणि पानं कोळ्यांनी भरली की त्यावर मित्रकोळी. सुरुवात मी अशीच केली. रीत खात्रीची आहे, पण ती जागा फार मागते. कुंड्यांच्या रांगा लागतात, प्रत्येक पिढीला नवी रोपं तयार ठेवावी लागतात, आणि लाल कोळी त्या रांगांपुरता राहत नाही. तो वाऱ्यावर जातो. आमच्या गच्चीवरचे आईचे गुलाब त्याच्या वाटेतच होते.

रोपांशिवाय हे जमेल का, याचा विचार इथून सुरू झाला. सगळे मित्रकोळी एकसारखं खात नाहीत. मॅकमर्ट्री आणि क्रॉफ्ट यांनी १९९७ मध्ये आहारावरून त्यांचे चार गट पाडले. पहिल्या गटातला फायटोसियुलस पर्सिमिलिस लाल कोळ्याशिवाय दुसऱ्या कशावर वाढत नाही. दुसऱ्या गटाची पसंतीही लाल कोळ्यालाच, पण इतर थोडंफार चालतं. लाँजिस्पायनोसस त्यातला. चौथा गट मुख्यतः परागकणांवर जगणारा. मला हवा होता तो तिसरा, समोर येईल ते खाणारा. फुलकिड्यांची पिल्लं, पिवळा कोळी, पांढऱ्या माशीची अंडी, पराग, आणि साठवणीच्या धान्यात, कोंड्यात, सुक्या फळांत होणारे पांढरे कोळीसुद्धा. या शेवटच्या सवयीवरच १९८० च्या दशकात हॉलंडमध्ये कोंड्यावरची पद्धत उभी राहिली. डब्यात कोंडा, कोंड्यावर पांढरे कोळी, त्यांच्यावर मित्रकोळी. ना रोप, ना ऊन. जगभर विकल्या जाणाऱ्या कुकुमेरिस आणि स्विर्स्की या दोन्ही जाती अशाच तयार होतात. कुकुमेरिस टायरोफॅगस किंवा अ‍ॅकॅरस कोळ्यांवर वाढवतात, स्विर्स्की सुक्या फळांतल्या कार्पोग्लायफस लॅक्टिसवर.

आणंदच्या कृषी विद्यापीठात जैविक कीडनियंत्रणाचं काम जुनं आहे आणि बडोद्याहून आणंद लांब नाही. तिथल्या एका जाणत्या संशोधक बाईंकडे मी न फवारलेल्या बांधावरची, मिरचीची, तणांची पानं घेऊन जात राहिले. या कोळ्यांची ओळख नुसत्या भिंगाने पटत नाही. काचपट्टीवर चढवून पाठीवरच्या केसांची मांडणी, त्यांची लांबी आणि मादीच्या शुक्रकोशिकेचा आकार पाहावा लागतो. त्यांनी त्यातून नियोसियुलस बारकेरी वेगळा काढून दिला. हा फुलकिड्यांवर आणि पिवळ्या कोळ्यावर चालतो, आणि साठवणीच्या धान्यातही आढळत असल्यामुळे पांढरे कोळी त्याला नवे नाहीत. बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "परभक्ष्याची काळजी नंतर करा. आधी त्याचं खाणं बारमाही उभं राहतंय का ते बघा." त्या वाक्याचा अर्थ मला पुढच्या काळात रोज कळत गेला. या कामात वेळेचा मोठा हिस्सा मित्रकोळ्यावर जातच नाही. तो जातो कोंड्यातल्या त्या पांढऱ्या, मंद, दुर्लक्षित जिवावर.

तो जीव मला मिळाला खोबऱ्यात. टायरोफॅगस पुट्रेसेन्शिये या कोळ्याला स्निग्ध आणि प्रथिनांचं खाणं आवडतं, आणि बुरशीही. जुनं खोबरं, शेंगदाणे, सुकी मासळी, चीज ही त्याची ठिकाणं. पावसाळ्यात मांडवीजवळच्या एका किराणा दुकानातून मुद्दाम जुन्या, खवट वास येणाऱ्या खोबऱ्याच्या वाट्या मागून आणल्या. दुकानदार फेकून द्यायला निघाला होता, त्याला नवल वाटलं. घरी काळ्या कागदावर वाटी आपटली आणि कागदावर पडलेल्या पिठाकडे बघत बसले. थोड्या वेळाने ते पीठ हललं. भिंगाखाली प्रत्येक कण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, दुधी काचेसारखा पारदर्शक कोळी, पाठीमागे लांब केस ओढत संथ चालणारा. आणंदला नेऊन त्याचीही ओळख पक्की करून घेतली, कारण दिसायला सारखे असलेले बरेच पांढरे कोळी असतात आणि पुढचं सगळं गणित यावर उभं राहणार होतं.

आमचं घर दांडिया बाजारात, जुन्या वाड्यातलं. तळमजल्याची मागची खोली जाड भिंतींची, दुपारीही गार. तीच या कामाला घेतली. कोंडा आणायचा गिरणीतून, गव्हाचा आणि जाडसर. बारीक कोंड्याचा लगदा होतो आणि आतली हवा खेळत नाही. त्यात भाताचं तूस मिसळलं की कोळ्यांना फिरायला पोकळी मिळते. गिरणीतल्या कोंड्यात पिठातले लाल किडे आणि त्यांची अंडी असतातच, म्हणून तो आधी फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांवर काही दिवस ठेवायचा. मग बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणायचा, बेकरीतलं सुकं यीस्ट चवीपुरतं मिसळायचं आणि उकळून गार केलेल्या पाण्याचा हलका फवारा द्यायचा. ओल किती? मुठीत दाबल्यावर गोळा होऊ नये, पण हाताला गार लागावा. याहून नेमकं मोजमाप मला आजही देता येत नाही, हाताला ते कळायला लागतं.

हवेतली आर्द्रता मात्र हातावर सोडता येत नाही. साठ टक्क्यांच्या खाली हवा कोरडी झाली की मित्रकोळ्यांची अंडी सुकून जातात, उबत नाहीत. नव्वदच्या वर गेली की बुरशी सगळा डबा खाते. यावर एक उपाय प्रयोगशाळांत फार जुना आहे आणि तो घरात सहज होतो. बंद डब्यात साध्या मिठाचं संपृक्त पाणी ठेवलं, म्हणजे तळाशी मीठ न विरघळता राहील इतकं, की आतली आर्द्रता आपोआप पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. हवा कोरडी असेल तर ते पाणी सोडतं, ओली असेल तर शोषतं. मी मोठ्या प्लास्टिकच्या पेटीत तळाला मिठाच्या पाण्याच्या वाट्या ठेवल्या, त्यांवर जाळी, जाळीवर कोंड्याचे लहान डबे. डब्यांच्या झाकणाला भोक पाडून त्यावर अगदी घट्ट विणीचं कापड चिकटवलं. मलमल इथे चालत नाही, कोळी तिच्यातून निघून जातात. प्रत्येक पेटी साबणाच्या पाण्याने भरलेल्या परातीत, मधोमध विटेवर. पळून जाणारा कोळी त्या पाण्यात थांबतो.

तापमान पंचवीस ते सत्तावीस अंश हवं. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि तिथे मला वाळ्याच्या ताट्यांचा साधा कूलर एसीपेक्षा जास्त कामाला आला. एसी हवा कोरडी करतो, कूलर गार आणि ओली दोन्ही करतो, आणि मार्च ते मे आपल्याला नेमकं तेच हवं असतं. जून संपला की तोच कूलर बंद करायचा, कारण बाहेरची हवाच ओलीचिंब होते. हिवाळ्यात रात्री थंड आणि हवा कोरडी, तेव्हा पेटीशेजारी एक लहान बल्ब आणि मिठाच्या वाट्या वाढवलेल्या. कुठल्याही परदेशी पुस्तिकेत हे वेळापत्रक सापडणार नाही, ते त्या खोलीतच बसवावं लागलं.

पांढऱ्या कोळ्यांचे डबे भरू लागले की एक गोडसर उग्र वास येतो. कोंड्याच्या पृष्ठभागावर पिठाची साय चढल्यासारखी दिसते आणि डब्याच्या कडेने ते वर चढू लागतात. मधोमध बोट घातलं तर ऊब लागते, कारण इतक्या दाटीत त्यांच्या श्वसनाची उष्णताच डबा तापवते. त्या वेळी कोंडा पसरट डब्यांत वाटून द्यायचा. खोल डब्यात ढीग करून ठेवला तर मधला भाग स्वतःच्या उष्णतेने मरतो.

बारकेरीची सुरुवात डब्यात करत नाहीत. आधी रिंगण करायचं. पाण्यात ठेवलेल्या ओल्या स्पंजावर काळी फरशी, तिच्या कडांना ओल्या टिश्यूच्या पट्ट्या, आणि मध्ये कापसाचे दोन-चार धागे, अंडी घालायला. त्यावर शून्य-शून्य नंबरच्या ब्रशच्या टोकाने एकेक मादी उचलून सोडायची. शेतातून आलेली मादी बहुतेक वेळा फळलेलीच असते, आणि ते बरं, कारण या कोळ्यांत समागमाशिवाय अंडीच होत नाहीत, नराचीसुद्धा नाहीत.

फरशीवर पांढऱ्या कोळ्यांची चिमूट पसरली आणि मी पहिल्यांदा नीट बघितलं. मित्रकोळ्याला डोळे नसतात. तो पुढचे दोन पाय वर उचलून हवेत चाचपत धावतो, गंध आणि स्पर्श एवढ्यावर. आकार पेअरच्या फळासारखा, चकचकीत, फिकट तपकिरी. एका मोठ्या पांढऱ्या कोळ्याला पाय लागला, तर त्याचे लांब केस मध्ये आले आणि मादी मागे सरली. पुन्हा गेली, पुन्हा सरली. मग ती वळली आणि केस अजून आखूड असलेल्या पिल्लावर गेली, पुढच्या पायांनी ते दाबून धरलं आणि तोंडाची सुई आत घातली. पिल्लाचे पाय काही वेळ हलत राहिले, अंग हळूहळू चुरगळलं. मादी हलली नाही. तिचं पारदर्शक पोट फिकट दुधी होत गेलेलं दिसत होतं. लाल कोळ्यावर वाढलेले मित्रकोळी तांबूस दिसतात, हे असे फिके राहतात, एवढाच वरवरचा फरक. दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाच्या धाग्यांवर लंबगोल अंडी होती, काचेच्या थेंबासारखी चमकणारी.

या निरीक्षणातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. परभक्षी खातो ते मुख्यतः अंडी आणि पिल्लं. म्हणजे भक्ष्याच्या डब्यात सगळ्या वयाचे कोळी असायला हवेत. नुसत्या म्हाताऱ्या, मोठ्या कोळ्यांनी भरलेला डबा दिसायला भरगच्च असतो, पण त्यात मित्रकोळी उपाशी राहतो. म्हणून मी भक्ष्याचे डबे काही दिवसांच्या अंतराने सुरू करते आणि वाढीच्या चढावर असलेला डबाच परभक्ष्याला देते.

रिंगणातून डब्यात नेल्यावर प्रश्न येतो प्रमाणाचा. एका मित्रकोळ्यामागे दहा-वीस तरी भक्ष्य सुरुवातीला लागतात. कमी पडले तर मित्रकोळी आपलीच अंडी-पिल्लं खातात. फार झाले तर ते गर्दीत अडखळतात आणि कोंडाही लवकर शिळा होतो. पंचवीस अंशांना अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत साधारण आठवडा लागतो, त्यामुळे डब्यातली स्थिती झपाट्याने पालटते. सोमवारी पांढरा दिसणारा कोंडा पुढच्या आठवड्यात तपकिरी आणि धावता दिसू लागतो. त्या दोन स्थितींच्या मध्ये कधीतरी नवं भक्ष्य घालायचं असतं. मोजणीसाठी डबा हळू हलवून सारखा करायचा, वेगवेगळ्या जागचे लहान चमचे घ्यायचे, अल्कोहोलमध्ये टाकायचे आणि चौकटी आखलेल्या काचेवर मोजायचे. कंटाळवाणं आहे, पण मोजल्याशिवाय घातलेलं भक्ष्य हा अंदाज असतो आणि अंदाजावर डबे टिकत नाहीत.

सर्वांत कडक नियम आहे खोलीत जाण्याच्या क्रमाचा. आधी भक्ष्याच्या डब्यांचं काम, मग परभक्ष्याचं. परभक्ष्याचं काम झाल्यावर त्या दिवशी भक्ष्याकडे परत जायचं नाही, हात धुतले असले तरी नाही. कपड्यावर बसून गेलेली एक मादी भक्ष्याचा अख्खा डबा काही आठवड्यांत रिकामा करू शकते, आणि तो डबा म्हणजे पुढच्या महिन्याचं सगळं खाणं. मी दोन्हीसाठी वेगळे ब्रश, वेगळे चमचे, वेगळे अ‍ॅप्रन ठेवते. आई सुरुवातीला म्हणायची, "अगं, एवढं तर सोवळं आजीच्या वेळीही नव्हतं." आता तीच घरात आलेल्या पाहुण्यांना त्या खोलीच्या दारात अडवते.

आणखी दोन पाहुणे ओळखता यायला हवेत. एक पुस्तकातली ऊ, सोकिड, जी ओल्या कोंड्यात आपोआप येते आणि भक्ष्याच्या वाट्याचं खाते. दुसरा चेलेटस, साठवणीतल्या कोळ्यांचा जंगली परभक्षी, पुढे मोठे चिमटे असलेला. तो दिसला की डबा सरळ फ्रीझरमध्ये. त्याला निवडून काढायच्या भानगडीत पडू नये.

श्वासाबद्दलही सांगायला हवं, आणि हे मी अगदी कळकळीने सांगते. पांढरे कोळी, त्यांच्या काती आणि विष्ठा यांची धूळ दमा आणि अ‍ॅलर्जी उठवते. खोबऱ्याची पोती हाताळणाऱ्यांना खाज सुटते ती यांच्यामुळेच. चांगला मास्क, हातमोजे आणि घरच्या वावरापासून वेगळी खोली या तीन गोष्टी नसतील तर हे काम घरात करू नये. कुणाला दमा असेल तर मुळीच नाही.

आषाढ-श्रावणात बुरशीची हिरवी चकती कोंड्यावर दिसू लागते. थोडी बुरशी टायरोफॅगस खाऊन टाकतो, तेवढी त्याला चालतेच. पण कोळ्यांची संख्या कमी असताना ओल जास्त झाली तर बुरशी पुढे निघून जाते. म्हणून पावसाळ्यात नवा डबा सुरू करताना कोळी जास्त आणि कोंडा कमी, आणि पाण्याचा फवारा अजिबात नाही. हवाच पुरेसं पाणी देते.

आता परागकणांकडे येते, कारण आपल्या भागाला निसर्गाने दिलेली ही मोठी सोय आहे. एरंडाचे पराग मित्रकोळी वाढवण्यासाठी अनेक देशांत वापरतात, आणि देशातला सर्वांत जास्त एरंड गुजरातमध्ये होतो. एरंडाच्या तुऱ्यात नरफुलं खाली आणि मादीफुलं वर असतात. सकाळी नरफुलं उमलायच्या बेतात असताना तुऱ्याचा खालचा भाग कापून आणायचा, कागदावर सावलीत पसरायचा. दुपारपर्यंत कागदावर पिवळी पूड जमते. ती बारीक चाळणीने चाळून, कोरडी करून, लहान बाटल्यांत फ्रीझरमध्ये ठेवली तर पुढे पुष्कळ काळ पुरते. काढताना चिमूटभरच काढायची, ओल्या हवेत ती दोन-तीन दिवसांत बुरसते. एरंडाचे परागही काहींना अ‍ॅलर्जी देतात, तेव्हा मास्क इथेही. मी ते दोन ठिकाणी वापरते. भक्ष्याचा डबा मागे पडला तर परभक्ष्याला तगवून धरायला, आणि नेटहाउसमध्ये काकडीवर.

काकडीवर का, ते सांगते. सिमला मिरचीच्या फुलांत पराग असतात, म्हणून कीड नसतानाही मित्रकोळी तिथे टिकतो. नेटहाउसमधल्या काकडीच्या जाती परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या, त्यांच्यावर नरफुलं नसतात, म्हणजे कीड कमी झाली की मित्रकोळ्याला खायला काहीच नाही. तिथे पानांवर अगदी हलकी पराग-धूळ मारायची. हलकीच, कारण परागकण फुलकिड्यांनाही आवडतात.

पण शेतावर जाण्याआधी एक शंका माझ्या मनात सतत होती. पिढ्यानपिढ्या कोंड्यात, अंधारात, पांढऱ्या मंद कोळ्यावर वाढलेला हा जीव पानावर फुलकिड्याच्या पिल्लाला ओळखेल का? फुलकिड्याचं पिल्लू चपळ असतं, शेपटी झटकतं, शेपटीच्या टोकाला द्रवाचा थेंब काढून मित्रकोळ्याला परतवतं. ही शंका बोलून मिटत नाही, म्हणून मी प्रत्येक खेप पाठवण्याआधी तपासणी ठेवली. मिरचीच्या पानाची गोल चकती ओल्या कापसावर, त्यावर नुकती बाहेर पडलेली फुलकिड्याची पिल्लं, आणि डब्यातून उचललेली एक मादी, आधी काही तास उपाशी ठेवलेली. दुसऱ्या दिवशी चकतीवर सुकलेली पिल्लं किती आणि पानावर अंडी किती, ते मोजायचं. कोंड्यावरच्या माद्या पहिल्या काही तासांत बावचळल्यासारख्या फिरतात, नंतर लागतात. मोठ्या पिल्लांकडे आणि प्रौढ फुलकिड्यांकडे मात्र त्या जातच नाहीत, आणि हा त्यांचा दोष नाही, ही त्यांची मर्यादा आहे. मित्रकोळी मुख्यतः फुलकिड्याची पहिल्या अवस्थेतली पिल्लं मारतो. यावरून सोडण्याची वेळ ठरते. फुलं किड्यांनी भरल्यावर नाही, पहिली फुलं येताना.

तपासणीत ज्या खेपेच्या माद्या सुस्त निघतात ती मी पाठवत नाही. तिचा मूळ डबा बदलते आणि बांधावरून नव्या माद्या आणून रक्त ताजं करते.

नेटहाउसमध्ये नुसता कोंडा पानांवर शिंपडता येतो, पण पुड्या जास्त चांगल्या. पुडी म्हणजे लहानसं चालतं घर. त्यात कोंडा, पांढरे कोळी आणि मित्रकोळी तिन्ही असतात. आत पैदास चालू राहते आणि बारीक भोकातून मित्रकोळी चार ते सहा आठवडे झिरपत बाहेर येतात. मामींनी आतून मेणाचा थर असलेल्या कागदाच्या पुड्या शिवून द्यायला सुरुवात केली. त्यांचा हात इतका सराईत आहे की माझ्या पुड्या त्यांच्यापुढे ठेवायला नकोत. पुडी पानांच्या सावलीत, झाडाच्या मध्यावर टांगायची. उन्हात टांगलेली पुडी आतून भाजून निघते. मिरचीसाठी चौरस मीटरला पन्नास ते शंभर मित्रकोळी धरून हिशोब केला.

मामांना समजावण्यात सर्वांत अवघड गेलं ते हे की दिसणार काहीच नाही. औषध मारलं की संध्याकाळी मेलेली कीड दिसते. इथे दोन आठवडे भिंग घेऊन पानं उलटत फिरायचं आणि मागच्या शिरांच्या बेचक्यात लपलेला एखादा कोळी दाखवायचा. मामा शांतपणे बघायचे. एका सकाळी त्यांनीच मला हाक मारली, "अगं, इकडे ये. हा तुझाच ना?" मिरचीच्या फुलात, पाकळीच्या बुडाशी, बारकेरीची मादी होती आणि तिच्या तोंडात फुलकिड्याचं पिवळसर पिल्लू. मामांनी भिंग बराच वेळ खाली ठेवलं नाही.

पहिल्या हंगामात फुलकिडे संपले नाहीत, ते संपतही नाहीत. कोवळ्या शेंड्यांचा आकस मात्र कमी झाला, फळांवरचे ओरखडे कमी झाले, आणि पायरेथ्रॉइड पूर्ण बंद करता आलं. लाल कोळ्यासाठी आम्ही लाँजिस्पायनोसस वेगळा सोडतो, तो अजूनही घेवड्यावरच वाढतो, आणि तो घेवड्यावरच वाढवावा लागेल. पर्यायी भक्ष्य सगळ्यांना चालत नाही. ज्या मित्रकोळ्याचं खाणंच ठरलेलं आहे त्याला कोंडा देऊन बळजबरी करण्यात अर्थ नाही.

आता शेजारच्या शेतातले भाई पुड्या मागतात. "बेन, अमने पण आपो ने," म्हणतात, आणि मला द्यायच्याही असतात. पण मी आधी त्यांच्या फवारणीच्या वहीत शेवटची तारीख बघते. पायरेथ्रॉइड मारून काहीच दिवस झाले असतील तर पुड्या देत नाही, गंधकाची भुकटी मारणार असतील तरीही नाही. त्यांच्यापैकी एकाने या वर्षी लागवडीपासूनच फवारणी थांबवून ठेवली आहे. त्याच्या बांधावर दसऱ्याच्या सुमाराला एरंडाचे तुरे येतील, ते कापायला त्याने आम्हाला बोलावलं आहे, आणि त्याच्यासाठीचे भक्ष्याचे डबे मी गेल्या आठवड्यात सुरू केले.